ओवाळणीची सीडी

माझं डोकं लवकर तापतं, हे मी आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे कुणी सांगायला नको. अंबडच्या कारखान्यात बावीस वर्षं लेथ चालवतोय. तिथली पोरं मला पाठीमागे इस्तवमामा म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. म्हणेनात. पण पहिला पीस तपासून पास झाल्याशिवाय पुढचा माल काढायचा नाही, हे त्यांना मीच शिकवलंय. आणि ही गोष्ट मी स्वतः तेच कसं विसरलो त्याची आहे.

ब्याऐंशी साली पहिल्या बोनसमधून मी टेपरेकॉर्डर घेतला होता. मखमलाबादच्या घरी आई जात्यावर बसली होती. माझी थोरली बहीण पुतळाबाई, म्हणजे आमची आक्का, घोटीहून माहेरपणाला आली होती. त्या दिवशी मी आईच्या ओव्या भरून घेतल्या. पुढच्या वर्षी आई गेली. तिचा आवाज म्हणून जगात एवढी एकच कॅसेट उरली.

दर भाऊबीजेला ओवाळून झालं की आक्का विचारायची, "सहादू, आईची टेप कधी ऐकवतो रे?" मी म्हणायचो, पुढच्या खेपेला. खरं तर मी भीत होतो. फीत विरली होती. लावली आणि तुटली, तर आक्काला काय सांगू?

दोन हजार चार साली माझ्या लेकीच्या, तृप्तीच्या शिक्षणासाठी घरात कॉम्प्युटर आला. दसऱ्याला त्यात सीडी राइटर बसवला. माझा टेपरेकॉर्डर कधीच बिघडला होता, म्हणून तृप्तीने शेजाऱ्यांचा आणला, वायर जोडली आणि कॅसेट एकदाच वाजवून सगळा आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतला. पाऊण तास मी देव पाण्यात ठेवून नुसता फितीकडे बघत बसलो होतो, आवाजाकडे लक्षच नव्हतं. शेवटाला फीत अडकली आणि तुटलीच. पण तोवर आई आत आली होती.

आता सीडी लिहायचं सॉफ्टवेअर कोणतं, यावर घरात तीन दिवस खल चालला. तृप्तीने सायबर कॅफेतून फ्लॉपीवर एक आणलं होतं. एवढंसं, फुकटातलं, त्यात मोजून तीन बटणं. मी दुकानदाराकडून मोठं आणलं. त्यात खरखर काढायची सोय, नको ते कापायची सोय, कव्हर छापायची सोय. उघडलं की पडदा बटणांनी भरून जायचा. मला ते बघूनच बरं वाटायचं.

"बाबा, तुम्हाला एकच सीडी करायचीय," तृप्ती म्हणाली.

"लेथ कोण चालवतं, तू का मी? हत्यार भारी असलं की काम भारी होतं."

साधना, माझी बायको, मेथी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वांगी घ्यायला गेले तरी हे मोठं बघून उचलतात. घरी चिरलं की आत नुसत्या बिया."

मी लक्ष दिलं नाही. दोन संध्याकाळी बसून आवाज धुऊन काढला. जात्याची घरघर कमी केली. शेळी ओरडत होती, ती कापली. मध्येच आम्हा भावंडांच्या बोलाचालीचा गलका होता, तोही नीट न ऐकता कापून टाकला. ओव्यांत गलका कशाला? शेवटी सॉफ्टवेअरने विचारलं, डिस्क कसली हवी. सात प्रकार होते. सगळ्यात कमी जागा घेणारा मी निवडला, काटकसर म्हणून.

"आत्याच्या प्लेअरवर आधी लावून बघायला हवी," तृप्ती म्हणाली.

"इथं खणखणीत वाजतेय ना? मग तिथं काय धाड भरलीय?"

भाऊबीजेला सकाळच्या एसटीने घोटीला गेलो. आक्काने पाट मांडला, ओवाळलं. मी ताटात सीडी ठेवली आणि म्हणालो, "घे. आई आहे यात."

आक्काचे डोळे भरले. तिने सीडी उचलली, करंड्यात बोट बुडवलं आणि चकचकीत बाजूला हळदकुंकू लावलं. चांगलं ठसठशीत. मग भाच्याने, मनोजने, ती त्यांच्या जुन्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअर थोडा वेळ गुरगुरला आणि गप्प झाला. पुसून घातली, तरी गप्प. पदराने, मग ओल्या फडक्याने पुसली, तरी तेच.

माझं डोकं फिरलं. "सीडीला कुणी कुंकू लावतं का? अक्कल गहाण टाकलीस? बावीस वर्षं जपलं, ते तू एका बोटात नासवलंस."

सणाच्या दिवशी, तिच्याच घरात, तिच्या पोरासमोर बोललो मी हे.

आक्का हळू आवाजात म्हणाली, "आई घरात आली, तर तिला कुंकू नाय लावायचं का रे?"

मी जेवलो आणि सीडी खिशात घालून निघालो. निरोप द्यायला ती दारापर्यंत आली आणि तिथूनच मागे फिरली.

घरी तृप्तीने तीच डागाळलेली सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. आई स्वच्छ गायला लागली.

"कुंकवाने काही झालेलं नाही, बाबा. तुम्ही फायलींची सीडी केलीत. ती कॉम्प्युटरला कळते. जुन्या प्लेअरला गाण्यांचीच सीडी लागते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिला पीस जिथे बसवायचा तिथे न तपासता मी माल पास केला होता आणि खोट बहिणीच्या माथी मारली होती. कारखान्यात एखाद्या पोराने असं केलं असतं, तर मी त्याला उभा सोलला असता.

तृप्तीचं ते एवढंसं सॉफ्टवेअर मग मीच उघडलं. ते फक्त गाण्यांची सीडी करायचं, दुसरं काही विचारायचं नाही. कापायची सोयच नव्हती. कॅसेटवरून उतरवलेला मूळ आवाज होता तसा गेला, शेळीसकट.

रविवारी पुन्हा घोटी गाठली. आक्काने पाणी दिलं. मी सीडी पुढे केली, तर तिने हात मागे घेतले. "तूच लाव. मी शिवत नाय."

माफी मागायची असं एसटीत बसून घोकलं होतं, पण ते राहूनच गेलं. मी सीडी लावली. जात्याची घरघर सुरू झाली आणि आई गाऊ लागली:

घोटीच्या वाटेला, भात पिवळा गं झाला,
लेकीचा निरोप, वाऱ्यानं सांगितला.

आक्का भिंतीला टेकून खाली बसली. तीनचार ओव्या झाल्या आणि शेळी ओरडली. मग कुणीतरी तावातावाने बोलायला लागलं. तो मीच होतो, बावीस वर्षांपूर्वीचा. मधली एक ओवी टेपवर आलीच नव्हती; आता बटण दाबून, आक्काने मध्ये हात घातला म्हणून मी तिच्यावर ओरडत होतो. जातं थांबलं.

"सहाद्या, तिच्यावर का आरडतो?" आई म्हणाली. "बटण तू दाबलं नाय. चूक तुझी आन् बोल तिला? माग माफी आधी."

टेपवरचा मी पुटपुटलो, "चुकलं आक्का." आणि तरुण आक्का खळखळून हसली.

मी आक्काकडे बघितलं आणि म्हणालो, "चुकलं आक्का. तुझं कुंकू नाही, माझीच सीडी खोटी होती."

तिने पदराने डोळे पुसले. "ओव्या मलाबी पाठ हायेत रे. तिचं बोलणं कुठं ऐकायला मिळतंय? त्यासाठीच टेप मागत व्हते इतकी वर्सं."

आणि तेच मी कापलं होतं. मी उठून देव्हाऱ्यातला करंडा आणला, सीडी बाहेर काढली आणि कोरी बाजू तिच्यासमोर धरली. तिने बोट टेकवलं.

"आता ते रागावणं पुन्हा लाव," ती म्हणाली.

त्या दुपारी आईने मला चार वेळा झापलं, आणि चारही वेळा मी आक्काची माफी मागितली.