घाटटोलीचा डब्बा

"दाबू का, बाबा?" रीनाने विचारलं.

श्यामलाल डोंग्यात साचलेलं पाणी टिनपाटाने उपसत होता. मान वर न करताच म्हणाला, "मले काय इचारते? तुयं काम तुलेच ठाव."

घाटाच्या वरच्या पायरीवर रीना लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या सिमेंटच्या खांबावर, टिनाच्या छोट्या छपराखाली राऊटर होता. घाटटोलीत त्याला सगळे डब्बा म्हणत. स्क्रीनवरची इंग्रजी सूचना तिने इतक्यांदा वाचली होती की ती तिला आता मराठीतच ऐकू यायची. ही कच्ची आवृत्ती आहे. वापरून पाहा, चुका सापडल्या तर कळवा. पण जिथे माणसं यावर विसंबून आहेत, तिथे ही बसवू नका.

माणसं विसंबून होती. म्हणूनच तिचं बोट अडलं होतं.

रीना पचारे दिघोरीला वासुदेवरावांच्या इंटरनेटच्या दुकानात कामाला होती. साकोलीला आयटीआय केलं, लग्न ठरून मोडलं, आणि मग दुकानामागच्या खोलीत ती एकटीच राहू लागली. राऊटरमधलं हे सॉफ्टवेअर कोण्या कंपनीचं नव्हतं. जगभरातली माणसं ते मिळून लिहीत, कुणालाही उघडून पाहता येईल असं ठेवत. नवी आवृत्ती पक्की होण्याआधी कच्ची बाहेर काढत आणि लोकांना म्हणत, बघा बरं, कुठे फसते ते. दुकानातल्या प्लास्टिकच्या टेबलावर एक जादा डब्बा ठेवून रीना ते बघायची. चूक सापडली की मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहून पाठवायची. कधीही न पाहिलेली माणसं तिच्या नावानिशी उत्तर देत. हे तिने घरी कधी सांगितलं नव्हतं. सांगून तरी काय सांगणार?

घाटटोली वैनगंगेच्या दरडीखाली वसलेली, मासेमार ढिवरांची वस्ती. मोबाईलची रेंज दरडीवरूनच निघून जाई. वासुदेवरावांनी खांब रोवून दिघोरीहून हवेतून लाइन आणली, तेव्हापासून घराघरांत व्हॉट्सअ‍ॅप आलं. आणि धरणाचे दरवाजे उघडायचे असले की त्याचा निरोपही मोबाईलवर येऊ लागला. पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा. मोबाईल आल्यावर दवंडी बंद झाली. धरणाचा भोंगा वारं उलटं असलं की ऐकूच येत नसे.

आणि हाच डब्बा ऊन तापलं की दुपारी गोठून बसायचा. कुणीतरी येऊन बटण बंद-चालू करेपर्यंत मेल्यासारखा. तो गोठलेला असताना निरोप आला तर? हा विचार उन्हाळ्यापासून रीनाच्या डोक्यातून जात नव्हता. कच्च्या आवृत्तीत नेमका याच दुखण्यावर इलाज होता. टेबलावरच्या डब्ब्यावर ती झकास चालली होती. म्हणजे जुनं ठेवावं तर एक भीती, नवं घालावं तर दुसरी.

तिने बटण दाबलं.

खांबावरचा हिरवा दिवा विझला. नदीवर टिटवी ओरडत गेली. दिवा लागेना. मग दिवा लुकलुकला, पुन्हा विझला, आणि शेवटी स्थिर झाला.

"झालं काय?" श्यामलालने विचारलं.

"झालं."

"मंग अशी काहून बसली, मुडदा पाह्यल्यावानी?"

ती हसली. एकदा वीज तोडून, डब्बा पूर्ण थंड करून पुन्हा लावून पाहावा, असं तिच्या मनात आलं होतं. टेबलावरच्या डब्ब्याला तिने तसं करून पाहिलंही होतं. पण हा आता चालू होता. चालत्या गोष्टीला हात लावायची तिला हिंमत झाली नाही.

पुढचे काही दिवस दुपारी डब्बा गोठला नाही. चंद्रभागाबाई म्हणजे श्यामलालच्या चुलतभावाची, चिंधूची बायको. तिची मुलगी सुरतेला दिलेली होती. आता भर दुपारी दोघींचं तोंड पाहून बोलणं होऊ लागलं. रीना टोलीतल्या घरी आली तेव्हा चंद्रभागाबाईने तिला ओट्यावरूनच हाक मारली.

"रीना, तुया डब्बा आता रुसत नाई वो! पोरीनं नातवाचे दात दाखवले मले."

चिंधूकाका बाजूला जाळं विणत बसला होता. त्याला एका कानाने ऐकू येत नसे. तो नुसता हसला. टोलीत सगळ्यांत लांब, पलीकडच्या रेतीच्या बेटाजवळ जाळं टाकणारा तोच. जास्त बोलणं नाही, कुणाशी भांडण नाही. त्या दिवशी त्याने रीनाच्या पिशवीत दोन मरळ मासे टाकले आणि पुन्हा विणायला बसला.

मग तो दिवस आला.

सकाळपासून घाटटोलीची वीज गेली होती. खांबावरच्या छोट्या बॅटरीवर डब्बा चालला आणि बॅटरी संपली तसा बंद पडला. त्यात नवीन काही नव्हतं. वीज आली की तो आपोआप उठे. दुपारी वीज आली. दुकानातल्या स्क्रीनवर घाटटोलीचा ठिपका लाल होता, तो लालच राहिला. येईल, वेळ लागतो, म्हणून रीनाने चहाचा कप तोंडाला लावला.

त्याच वेळी मोबाईल वाजला. वर खूप पाऊस झाल्याने धरणाचे दरवाजे उघडत आहेत. नदीपात्रात कुणीही उतरू नये.

तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. लाल.

निरोप तिने बापाला पाठवला. एकच टिक. चिंधूकाकाला पाठवला. एकच टिक. आईला, चंद्रभागाकाकीला, टोलीतल्या माहीत असलेल्या प्रत्येकाला. नावापुढे नाव, आणि प्रत्येकापुढे तीच एक बारीक राखाडी खूण. दुसरी उमटेना.

"काय झालं वो?" वासुदेवरावांनी गल्ल्यावरून विचारलं.

"धरण सोडून राहिले. अन् घाटाचा डब्बा उठला नाई."

"मंग फोन लाव कोनाले तरी."

"कोनाले लावू? तेथी लागतच नाई ना फोन!"

वासुदेवरावांनी खिशातून गाडीची चावी काढून तिच्यापुढे धरली.

दिघोरी सुटली आणि धानाच्या बांध्यांमधला रस्ता सुरू झाला. धान गर्भावर आला होता, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, वाऱ्यावर सगळं शिवार एका बाजूला झुकत होतं. रीनाला ते दिसत नव्हतं. बाबांनी आज कोणता सदरा घातला असेल, एवढंच ती आठवत होती. निळा? चौकड्याचा? सकाळी आपण घरी नव्हतोच. मग माहीत कसं असणार? पाण्यात माणूस ओळखायचा तर सदऱ्यावरूनच ओळखावा लागतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तो विचार डोक्यातून जाईना. रस्त्यात म्हशींचा कळप आडवा आला. हॉर्न दाबून दाबून तिचा अंगठा दुखला, पण म्हशी आपल्या चालीने चालत राहिल्या. गुराखी लांबून ओरडला, "मरतं का बाई?" तिला रडू फुटलं. तिने गाडी बाजूच्या बांधीत, धानाच्या चिखलात घातली, ढकलत पुढे काढली, पुन्हा रस्त्यावर आणली.

घाटावर पोचली तर नदी शांत होती.

तिने गाडी तशीच आडवी टाकली आणि पायऱ्यांकडे धावली. पाणी खाली, नितळ, तळाची रेती दिसावी असं. चंद्रभागाबाई आणि दोघीतिघी पायऱ्यांवर धुणं आपटत होत्या. लांब पात्रात डोंगे दिसत होते.

"पानी सोडलं! धरणाचं पानी सोडलं! वर या!"

चंद्रभागाबाई कमरेवर हात देऊन उभी राहिली. "कोन सांगतलं तुले? मोबाईलवर तं काई आलं नाई."

"डब्बा बंद आहे, काकी!"

तिने नदीकडे पाहिलं, जिकडे चिंधू होता तिकडे. मग घमेलं उचललं आणि धुण्याच्या मोगरीने ते बडवायला लागली. बाकीच्या बाया धावल्या. कुणी पाण्याची पितळी गुंड आणली, कुणी परातीएवढी कोपर. नुसता कल्लोळ झाला. एकेक डोंगा वळू लागला.

श्यामलालचा डोंगा टेकला. त्याच्या अंगावर पिवळा सदरा होता. रीनाने त्याचा दंड घट्ट धरला.

"चिंधू कोठी आहे?" त्याने विचारलं.

एकीने बोट केलं. बेटापलीकडे एक काळा ठिपका होता. घमेल्याचा आवाज त्याच्या बहिऱ्या बाजूला जात होता.

श्यामलालने डोंगा परत लोटला.

"बाबा, नोका जाऊ! बाबा!"

"सोड," तो म्हणाला. रागाने नाही. दंडावरची तिची बोटं त्याने एकेक करून सोडवली आणि वल्हं मारलं.

आधी वास आला. कुजक्या पाल्याचा, ओल्या मातीचा. मग पाण्यावर फेस, काडीकचरा, एक अख्खी बांबूची टोपली. नितळ पाणी बघता बघता चहासारखं झालं आणि पायरी चढलं. धुणं घेऊन बाया वर सरकल्या. आणखी एक पायरी गेली. बेट बारीक होत होत दिसेनासं झालं. पिवळा सदरा कुठे आहे ते रीनाने डोळे फाडून शोधलं, आणि मग डोळे मिटून घेतले. चंद्रभागाबाईच्या हातातलं घमेलं अजून वाजतच होतं. आता कुणासाठी, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

खालच्या वळणाकडून हाक आली तेव्हा सगळे पळाले. दरडीच्या काठाने दोघं चालत येत होते. श्यामलालच्या डोंग्याची एक बाजू फुटली होती, तो त्यांनी बाभळीला अडकवून ठेवला होता. चिंधूचा डोंगा गेला होता, जाळी गेली होती. तो नखशिखांत भिजलेला, हातात नुसतं वल्हं. ते त्याने कुणाला घेऊ दिलं नाही.

रीना त्यांच्यासमोर उभी राहिली. "काका, माझ्यानं झालं. डब्ब्यातलं मीच बदलवलं होतं. माणसं असतील तेथी लावू नका म्हनून लिहिलं होतं त्याच्यावर. मी वाचलं होतं."

चिंधूने चांगला कान तिच्याकडे केला. तिला सगळं पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. सगळ्या टोलीने ऐकलं.

"डब्बा तं आधीही बंद पडेच," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "आमीच नदीकडे पाह्यनं सोडलं."

चंद्रभागाबाईला ते पटलं नाही. "तुया बाप परत गेला म्हनून," ती रीनाला म्हणाली. "नाई गेला असता तं?" तिने नवऱ्याच्या खांद्यावर सुकं लुगडं टाकलं आणि त्याला घेऊन गेली.

संध्याकाळी दुकानात बसून रीनाने झालेला बिघाड लिहिला. हा जुन्या बनावटीचा डब्बा पूर्ण थंड झाल्यावर नव्या आवृत्तीने उठत नाही. टेबलावरचा नंतरच्या बनावटीचा आहे, त्यावर हे कळलं नाही. माणसांबद्दल तिने काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने कुठल्या तरी देशातून उत्तर आलं. बिघाड आम्हालाही दिसला, तुमच्यामुळे सापडला, आभार. आणि खाली एक ओळ: तुमच्याकडे कुणाला त्रास तर झाला नाही?

रीनाने उत्तर लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच पाठवलं: एक नाव वाहून गेली. माणूस वाचला. ज्याने वाचवला तो माझा बाप.

सकाळी ती जुनी आवृत्ती परत घालायला घाटावर आली. त्यासाठी डब्बा खाली काढावा लागणार होता. वासुदेवरावांची शिडी तिने खांबाला टेकवली. पाणी पायऱ्यांवरून उतरलं होतं, पण मागे गाळ ठेवून गेलं होतं. शिडीचा पाय गाळात सरकत होता. दोन पावंडे चढून ती थांबली. खाली गढूळ नदी वाहत होती. तिला वर जाववेना आणि खालीही उतरवेना.

शिडी एकदम स्थिर झाली.

खाली चंद्रभागाबाई होती. डोक्यावरची गुंड तिने पायरीवर उतरवून ठेवली होती, पदर कमरेला खोचला होता, आणि शिडीचे दोन्ही खांब तिने दोन्ही हातांनी धरले होते. तिने वर पाहिलं नाही. रीनाने स्क्रू काढले, वायर सोडवली, डब्बा छातीशी धरून एकेक पावंडा खाली आली. तिचे दोन्ही पाय पायरीला लागेपर्यंत चंद्रभागाबाई शिडी धरून उभी होती, आणि तिची नजर तेवढा वेळ बेटाच्या दिशेला, जिथे अजून नुसतं पाणी होतं, तिकडे होती.