उतरलेला ॲसाइल

मी बसमध्ये तिकिटं तपासते. माणसाने खिशात हात घालायच्या आधीच मला त्याचा संशय येतो. घरी तो वहिनीचा यायचा.

वहिनी रसायनांच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. आईला हार्ट अटॅक येऊन गेल्यावर तिच्या गोळ्यांची जबाबदारी वहिनीने आपणहून घेतली. आपणहून! आईशी कधी धड पटलेलं नसताना. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

एका संध्याकाळी ती फोनवर कुणाला तरी समजावत होती, "आधी ॲसाइल चढवायचा, म्हणजे ती गप्प बसते. काम झालं की उतरवायचा. मागमूस राहत नाही."

मी भाजी चिरता चिरता कान टवकारले. कोण गप्प बसते? कसलं काम?

दुसऱ्याच दिवशी मी आईची रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची बाटली बाथरूममध्ये, गरम पाण्याच्या नळावरच्या फळीवर, टॉवेलांमागे दडवली. "तू दमतेस, गोळ्यांचं मी बघते," असं वहिनीला सांगितलं. ती लगेच "बरं, ताई" म्हणाली. इतक्या सहज? माझा संशय आणखी बळावला.

काही आठवड्यांनी, काल सकाळी, बाटली उघडली तर व्हिनेगरचा भपकारा! माझा तोलच गेला. भावादेखत, आईदेखत बाटली वहिनीच्या पुढ्यात आदळली.

"यात काय कालवलंस? आईच्या जिवावर उठलीस?"

तिने बाटली हुंगली आणि पांढरीफटक पडली. सापडली, मला वाटलं. पण तिने आधी आईची नाडी पाहिली, मग म्हणाली, "ॲसाइल उतरलाय."

"फोनवर कुणावर चढवत होतीस तो?"

"साखरेच्या रेणूवर, ताई. ॲसाइल म्हणजे अणूंचा छोटा गट. प्रयोगात साखरेने नको तिथे लुडबुड करू नये म्हणून चढवतात." ती हसली नाही. "या गोळीतही ॲसिटिल असतो, तो ॲसाइलचाच एक प्रकार. रक्त गोठू न देण्याचं काम त्याचं. दमट, उबदार जागी तो सुटतो, त्याचं व्हिनेगरातलं आम्ल होतं. मग गोळी असून नसल्यासारखी. बाटली होती कुठे?"



"बाथरूममध्ये," आईच म्हणाली. "तुझा हात लागू नये म्हणून."

वहिनी चपला सरकवून खाली गेली, मेडिकलमधून नवी बाटली आणली आणि माझ्या हातात ठेवली.

"तुम्हीच ठेवा, ताई. माझ्यापासून लपवलीत तरी चालेल. फक्त कोरड्या जागी लपवा."