ओसरी कुणी विकली

"सिस्टर, आधी हे वाचा, मग जखमेला हात लावा." शिंपीणबाईंनी मोबाईल सिस्टरांच्या तोंडासमोर धरला.

पलंगावर त्यांचे यजमान कुशीवर पडलेले होते. जन्मभर बस चालवलेला माणूस. आता दृष्टी गेलेली, कमरेखालचं अंग गेलेलं आणि पाठ पडून पडून सोललेली.

मोबाईलवर 'ओसरी' नावाची गप्पांची जागा उघडी होती. अंथरुणाला खिळलेल्यांची उस्तवार करणाऱ्या घरांना एकमेकांशी बोलता यावं, म्हणून सिस्टरांनीच ती भाच्याकडून करवून घेतली होती. तिथे जाहिरात नाही, कुणाची चोरटी नजर नाही, असा त्यांनी घरोघरी शब्द दिला होता.

काल शिंपीणबाईंनी लिहिलं होतं, 'ह्यांचा श्वास उथळ वाटतोय. भीती वाटते.' त्याखाली उत्तर असावं तसंच उमटलं होतं : 'शेवटच्या प्रवासाची चिंता आमच्यावर सोडा. आजच नाव नोंदवा, सवलत मिळवा.'

"माझं लिहिलेलं वगळते आणि लोकांची उत्तरं ह्यांना वाचून दाखवते. तेवढाच धीर. आज एका दमात मी ही जाहिरातही वाचून गेले." शिंपीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "ह्यांनी विचारलं, 'सवलत किती?' आणि हसले. त्यानंतर चकार शब्द नाही. तुम्ही शब्द दिला होतात, सिस्टर."

पट्टी बदलताना देवाचं काहीबाही गुणगुणायची सिस्टरांना सवय होती. त्या दिवशी सूर फुटलाच नाही. तिथून त्या तडक भाच्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

"ओसरी कुणी विकली?"

भाच्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "विकली नाही, आत्या. जगवली. सर्व्हर काय हवेवर चालतो? वर्गणी मागितली, तर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. चित्रांवर भाडं भागत नाही, म्हणून जाहिराती घेतल्या."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर अंगावरचं किडूकमिडूक विकून आली असतीस. मी ओळखत नाही का तुला?"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सिस्टरांचा राग आणखी चढला.

"आणि शिंपीणबाईंच्याच बोलण्याखाली नेमकी शेवटच्या प्रवासाची जाहिरात कशी आली?"

"मशीन शब्द बघून लावतं गं. श्वास, भीती... माणूस नाही वाचत कुणी."

"माणूस असता तर लाजला असता."

"देवाच्या दारातल्या बाकावरही देणाऱ्याचं नाव असतंच की."

"असतं. पण तो बाक, वर बसून रडणाऱ्याचं ऐकून दलालाला सांगायला धावत नाही. देवाला घातलेलं गाऱ्हाणं मधल्यामध्ये कुणी लिलावात काढत असेल, तर तसली भक्तीही नको मला. आत्ताच्या आत्ता काढ ते."

"काढतो. मग महिनाअखेर ओसरीला कुलूप. चालेल?"

चालणार नव्हतं. दाराबाहेरही पडता न येणाऱ्या कितीतरी बायांना तेवढीच एक सोबत होती. सिस्टर दुकानातल्या स्टुलावर बसल्या आणि झालं ते सगळं त्यांनी ओसरीवर लिहिलं. जाहिरात नको असेल, तर प्रत्येकाला थोडा भार उचलावा लागेल, असंही लिहिलं.

उत्तरं भराभर आली. 'असू दे हो, फुकट तर आहे.' 'जाहिरात कुठे नसते हल्ली?' 'आपण डोळेझाक करू.' भार उचलायला तयार झालेली घरं मूठभर. त्यात पहिलं नाव शिंपीणबाईंचं.

सिस्टरांनी लिहिलं, 'डोळेझाक तुम्ही कराल. पलंगावरच्या माणसानं कान कुठे न्यायचे?'

मग त्यांनी भाच्याला जाहिराती काढायला सांगितलं.

महिनाअखेर ओसरी बंद झाली. सिस्टर फिरतात त्या घरांचे निरोप आता त्या तोंडानेच पोचवतात. "वरच्या गल्लीतल्या आजी जेवल्या." "गवंड्याच्या बायकोनं विचारलंय, तुमची रात्र कशी गेली?"

परवा शिंपीणबाईंकडे पट्टी बदलताना ड्रायव्हरसाहेब आपणहून बोलले. "सिस्टर, ओसरीवरची ती बाई हो. डोंगरापलीकडची. लेकाला नळीनं भरवते ती. तिचं काय?"

सिस्टर तिच्या गावाला कधी गेल्या नव्हत्या, आणि तिनं स्वतःचं नाव कधी लिहिलं नव्हतं.

"माहीत नाही हो," त्या म्हणाल्या.

पट्टी फार घट्ट बसली होती. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा, हलक्या हातानं, बांधायला घेतली.