कासूची हळद

“हे कुणी छापलं?”

प्रतिक्षाने फ्लेक्सची दोरी हिसडली. फ्लेक्स काही खाली आला नाही, नुसता फडफडला. रोह्याच्या हॉलच्या दारावर तिचा पियानोवर वाकलेला फोटो होता, परदेशातल्या कुठल्यातरी मैफलीतला. शेजारी तिच्या दुप्पट आकाराचे तिचे वडील, फेटा बांधून हात जोडलेले. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, जॅझ पियानोवादक प्रतिक्षा म्हात्रे आणि त्यांचे गुरुवर्य, बेंजोसम्राट पुंडलिक म्हात्रे यांचा जाहीर सत्कार.

“मंडलानी छापलाय,” साहिल म्हणाला. तिचा हा धाकटा भाऊ टेम्पोतले स्पीकर नीट रचून ठेवत होता. “ओढू नको गो, फाटल.”

“फाटू दे. गुरुवर्य म्हणे!”

टेम्पोच्या पाठीवर ‘पुंडलिक म्हात्रे बेंजो पार्टी’ असं रंगवलेलं होतं आणि आत ढोल, ताशे, बेंजो, कीबोर्ड असं सगळं दाटीवाटीने भरलं होतं. सत्कार आटोपला की पार्टी इथूनच परस्पर कासूला जाणार होती, संध्याकाळच्या हळदीला. वाजवणारी पोरं टपरीवर चहा पीत होती. त्यांच्यात भाविका नव्हती.

भाविका साहिलची मुलगी. गेली दोन वर्षं ती आजोबांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवत होती, आणि असं वाजवत होती की हळदीच्या मांडवात म्हाताऱ्या बायकासुद्धा पदर खोचून उठायच्या. प्रतिक्षाला तिचे व्हिडिओ यायचे. आज ती हॉलमध्ये पहिल्या रांगेत आजीच्या शेजारी बसली होती, नवा ड्रेस घालून, मान खाली घालून.

“भाविका तिकडे काय करतेय? टेम्पोत का नाही आली?”

“तिला आता नाय आनत.”

“का?”

“मोठी झाली ना. बाबा बोलले, आता पुरे.” साहिलने तिच्याकडे न बघता दोरी आवळली. “मी काय करू? बाबांच्या पुढं कोन बोलनार?”

“मग कीबोर्डवर कोण बसतं?”

“मीच. बटनं हायेत, ठेका आपोआप चालतो.”

प्रतिक्षाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हेच, अगदी हेच तिच्या बाबतीत झालं होतं. तेरा वर्षांची असताना एका सकाळी वडिलांनी कीबोर्ड तिच्यापुढून उचलला आणि साहिलच्या मांडीवर ठेवला. साहिलला तेव्हा सूर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते अजूनही नव्हतं. तिने रडून आकांत केला. आई म्हणाली, गप बस गो, पोरीची जात. त्या संध्याकाळी टेम्पो गेला आणि ती ओट्यावर बसून राहिली. खाडीपलीकडच्या गावातून बेंजोचा आवाज येत होता.

पुढचं सगळं लोकांना ठाऊक होतं, कारण ते पेपरात छापून आलं होतं. निडीला तिची जनीआत्या राहायची. ती रोह्यातल्या एका कंपनीच्या क्लबात झाडलोट करायची, आणि त्या क्लबात कुणीच हात न लावणारा एक पियानो होता. सुट्टीत आत्याकडे गेलेली प्रतिक्षा दुपारभर त्याच्यावर बसायची. एका इंजिनियरच्या बायकोने तिला ऐकलं, जवळ बसवून शिकवलं, आणि मुंबईतल्या आपल्या सरांकडे पाठवलं. मग हॉटेलांच्या लॉबीत काट्याचमच्यांच्या खणखणाटात वाजवणं, मग जहाजावरची नोकरी, मग ड्रमवाला, बासवाला आणि ती असा तिघांचा ताफा, दोन रेकॉर्ड, आणि आता वर्षातले कितीतरी महिने परदेशी. जॅझ म्हणजे काय गो, असं गावात कुणी विचारलं की ती सांगायची, चाल ठरलेली असते, पण वाटेत कुठे वळायचं ते वाजवताना ठरवायचं. मग हलदीत दुसरं काय करतात, असं कुणीतरी म्हणायचंच, आणि सगळे हसायचे.

हिच्या डाव्या हातात राग आहे, असं एका परदेशी समीक्षकाने लिहिलं होतं. बरोबरच लिहिलं होतं. फक्त तो कुणावरचा, हे त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

“आज मी बोलणार आहे,” ती साहिलला म्हणाली. “माईकवर. सगळ्यांसमोर.”

“कार्यक्रमाचा इचका करू नको.”

“इचका तुम्ही केलाय. मी नुसती दाखवणार.”

हॉल खच्चून भरला. खारेपाटातल्या गावागावांतून गाड्या भरभरून माणसं आली होती. मंडळाचे अध्यक्ष हर्षदभाऊ यांनी शाल, श्रीफळ, फेटा हे सगळं रीतसर उरकलं, आणि प्रतिक्षाचा फोटोसाठी वडिलांच्या पायाशी वाकायचा प्रसंगही उरकला. ती वाकली. दात ओठ खात वाकली, पण वाकली. कारण दोन मिनिटांनी ती काय बोलणार हे तिने मनात घोटून ठेवलं होतं. या माणसाने मला शिकवलं नाही, मला बंद केलं. आणि आता माझ्या भाचीला बंद केलंय. तिला परत बसवा, नाहीतर ही शाल घ्या तुमची. एवढंच. साधं, सरळ.

पण माईक आधी पुंडलिकच्या हातात गेला.

“लोक बोलतात, पुंडलिक, तू पोरीला शिकवलंस,” पुंडलिकने सुरुवात केली. सत्तरीकडे आलेला, काळा कुळकुळीत, मांडवात आवाज देऊन देऊन घोगरा झालेला माणूस. “सरासर खोटं. मी तिला काय पन शिकवलं नाय.”

प्रतिक्षाने मान वर केली.

“मी तिला बंद केलं! तेरा वर्साची झाली तवा हिच्यापुढचा कीबोर्ड उचलला. लय रडली. जेवायची नाय, माज्याशी बोलायची नाय. पन मी हटलो नाय. आनि नाय हटलो म्हनून तर आज ही इमानात बसून वाजवाया जाते! चालू ठेवली असती तर आज माज्यासंगती कासूला हलद वाजवत बसली असती. खरं का खोटं?”

“खरं!” कुणीतरी ओरडलं, आणि हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. आई डोळे पुसत होती. हर्षदभाऊंनी पुढे होऊन पुंडलिकला मिठी मारली आणि माईकमध्ये म्हणाले, “बापाचं कालीज लागतं मंडली, बापाचं कालीज!”

प्रतिक्षाच्या अंगाची लाही लाही झाली. चोराने चोरी कबूल करावी आणि गावाने त्याला हार घालावा, अशातली गत. तिने घोटून ठेवलेलं वाक्य बापाने आधीच बोलून टाकलं होतं, वर टाळ्याही घेतल्या होत्या. आता तेच बोलायचं तर काय बोलायचं? तिच्या हातात माईक आला. समोर पहिल्या रांगेत भाविका मान वर करून तिच्याकडे बघत होती. तिलाही वाटत असावं, आत्या काहीतरी बोलणार.

“एक सांगते,” प्रतिक्षा म्हणाली. आवाज तिच्याही अंदाजापेक्षा मोठा निघाला. “माझी भाची भाविका. ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते. तिलाही आता बंद केलंय. ठीक आहे. तुमच्याकडे तिला जागा नसेल तर मी तिला घेऊन जाते. मुंबईला. माझ्याकडे राहील, पियानो शिकेल. आजपासून.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पुन्हा टाळ्या पडल्या, आधीपेक्षा जास्त. पुंडलिकसुद्धा वाजवत होता. वाह रे वाह, कुणी म्हणालं, आता आपल्याकडं दोन होतील.

भाविका उठली आणि हॉलच्या बाहेर निघून गेली.

प्रतिक्षाने त्यानंतर वाजवलं. पेणहून भाड्याने आणलेला कीबोर्ड होता, त्यावर तिने एक गत वाजवली, आणि काय वाजवलं ते तिचं तिलाच आठवलं नाही. नजर दाराकडे होती. लोकांनी शेवटी शहाण्यासारख्या टाळ्या वाजवल्या आणि ते चहाकडे वळले.

भाविका टेम्पोच्या मागे उभी होती. नव्या ड्रेसच्या बाहीने नाक पुसत होती.

“काय झालं गो?” प्रतिक्षा जवळ गेली. “तुझ्यासाठीच बोलले ना मी?”

“मना इचारलंस?”

“अगं...”

“मना कुनी इचारलं? तिकडं सगल्यांच्या देखत बोलून मोकली झालीस.”

“तुला मुंबईला नाही यायचं?”

“मना कासूला जायाचंय!” भाविका ओरडली. चहा पिणारी पोरं वळून बघायला लागली. “आज. पार्टीसंगती. तिकडची नवरी माज्या मैत्रिनीची ताई हाय, मी तिला बोल्लेली का तुज्या हलदीला मी वाजवीन. आजोबांनी मना टेम्पोतनं काढलं. तू तर मना गावातनंच काढतेस. आनि टाल्या तुमा दोघांनाबी.”

प्रतिक्षाला राग आला, आधी पोरीचा, मग स्वतःचा, आणि मग तो जिथला होता तिथेच परत गेला. कुणी तिला तेरा वर्षांची असताना विचारलं असतं की तुला काय पाहिजे, तर तिने काय सांगितलं असतं? पियानो? पियानो तिने पाहिलासुद्धा नव्हता. अमेरिका शाळेच्या नकाशात कुठे आहे हेही तिला धड सांगता आलं नसतं. तिला या टेम्पोत बसायचं होतं. पोरांच्या दाटीत, ढोलाला टेकून, मांडीवर कीबोर्ड घेऊन, गाव येईपर्यंत गाणी म्हणत. तेवढंच पाहिजे होतं तिला, आणि तेवढंच मिळालं नव्हतं. बाकी मग जे मिळालं ते मिळालं.

“चल,” ती म्हणाली. “चढ वर.”

“कुठं?”

“टेम्पोत. चढ म्हणते ना.”

तिने अंगावरची शाल काढून ड्रायव्हरच्या सीटवर भिरकावली, साडी खोचली आणि आधी भाविकाला वर ढकललं, मग स्वतः चढली. साहिल धावत आला आणि नुसताच बघत राहिला. त्याच्या मागोमाग पुंडलिक आला, फेटा अजून डोक्यावर.

“हे काय चाललंय?”

“आमी दोघी येतो कासूला,” प्रतिक्षा म्हणाली. वडिलांशी बोलताना तिची शहरातली भाषा कधी गळून पडली ते तिला कळलं नाही.

“या की. जेवून जा.”

“जेवाया नाय. वाजवाया.”

“येडी झालीस काय? लोक काय बोलतील?”

“टाल्या वाजवतील. आताच वाजवल्या ना तुमाला?”

“त्या येगल्या. हॉल येगला, मांडव येगला.” पुंडलिकचा आवाज चढला. “दारू पिऊन लोक मांडवात काय काय बोलतात, तुला म्हाईत नाय.”

“माज्या हॉटेलात काय दूध पिऊन बसतात? पंधरा वर्सं वाजवलं मी तसल्यांच्या पुढं. कुनी सांगितलं तुमाला मी इमानात बसून खूश हाय म्हनून? इचारलंत कधी? मना इमान नको व्हतं बाबा, मना हा टेम्पो पायजे व्हता! तुमी माजा टेम्पो घेतलात आनि वर सांगता मी इमान दिलं!”

हर्षदभाऊ दारात येऊन पुन्हा आत गेले. साहिल खाली बघत म्हणाला, “बाबा, मना तसापन नाय जमत. बटनं दाबून कंटालो मी.”

“तू गप रे!” पुंडलिक त्याच्यावर खेकसला.

साहिल स्टिअरिंगवर जाऊन बसला. पोरांनी चहाचे कप टाकले आणि एकेक करत टेम्पोत चढली. कुणी प्रतिक्षाला जागा करून दिली नाही आणि कुणी उतरायलाही सांगितलं नाही. ढोलवाल्याने फक्त गुडघे जवळ घेतले. भाविकाने कीबोर्ड मांडीवर ओढून घेतला होता आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

पुंडलिक खालीच उभा होता. त्याने फेटा काढला, काखेत धरला, पुन्हा दोघींकडे पाहिलं. मग पुढे जाऊन साहिलच्या शेजारी बसला आणि दार धाडकन लावलं. टेम्पो काही सुरू झाला नाही. साहिल बापाकडे बघत होता आणि बाप काचेतून समोर.

पुंडलिकच्या खिशातला फोन वाजला. कासूचा यजमान असा ओरडत होता की मागच्या मोकळ्या खिडकीतून प्रतिक्षाला शब्दन् शब्द ऐकू आला.

“पुंडलिकशेठ, निघालात काय? पोरी खोलंबल्यात नाचाला.”

“निघालो,” पुंडलिक म्हणाला. मग फोन तसाच धरून काखेतला फेटा मांडीवर ठेवला. पलीकडून हॅलो हॅलो चाललं होतं.

“आयकतोय मी, वरडू नको!” तो शेवटी गरजला. “आमच्यासंगती दोगीजनी हायेत. दोन खुर्च्या जास्त काढ.”

“काढतो की शेठ. बायकांत ठेवू?”

भाविकाने प्रतिक्षाचा हात धरला.

“नाय,” पुंडलिक म्हणाला. “आमच्यात ठेव.”