नारळाने फोडलेला दगड

मित्रांनो, मी एक जुना काळा दगड आहे. वय साडेसहा कोटी वर्षं. मोर्शीजवळ किसनरावांच्या संत्र्याच्या बागेत मोटरच्या पेटीचं दार वाऱ्याने उघडू नये, म्हणून मला टेकवून ठेवलं होतं. अनुभवाच्या मानाने काम हलकं होतं, पण मी तक्रार केली नाही.

माझं बालपण जमिनीखाली सहाशे किलोमीटरवर गेलं. तिथे मी निळा होतो, खरंच. वरच्या खडकांचं ओझं इतकं, की आम्हा कणांची घडी गच्च बसलेली. त्या घडीतच पाणी होतं. तळं नाही, झरा नाही. पाणी मोडून आमच्या अंगात मुरलेलं. मला पिळलं असतं तरी थेंब निघाला नसता. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम शंभरातला एखादा भाग. पण आम्ही अगणित होतो; सगळ्यांचं मिळून समुद्र भरला असता.

मग खालची उष्णता मला वर घेऊन निघाली. ओझं कमी झालं तशी घडी मोडली आणि पाणी सुटलं. मी वितळलो, लाव्हारसाबरोबर वऱ्हाडात पसरलो, निवलो, काळा झालो. पोटात हिरवे दाणे तेवढे उरले. पुढची सहा-साडेसहा कोटी वर्षं सांगण्यासारखं काही घडलं नाही.

एका उन्हाळ्यात किसनरावांची दुसरी बोअरही आटली. संत्र्याची पानं वळायला लागली. तिसरी बोअर बांधालगत मारायचं ठरलं, नऊशे फूट. बांधापलीकडे बद्रुद्दीनभाईंची बाग, पन्नास पावलांवर त्यांची विहीर. तिच्यात कमरेइतकं पाणी होतं. नवी बोअर ते ओढून घेणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघंही त्यावर बोलत नव्हते.

किसनरावांची पुतणी अश्लेषा अमरावतीच्या कॉलेजात खडकांचा अभ्यास करते. ती म्हणाली, "काका, इथलं पाणी संपत आलं. लय पाणी आहे ते चारशे किलोमीटरच्या खाली."

किसनराव बोअरवाल्या सूर्यभानकडे वळले. "जमते का रे?"

सूर्यभानने मोबाइलवर आकडे मोडले. "पाइप वीस फुटाचा. पासष्ट हजार सहाशे सतरा लागतीन. गाडीत साठ हायेत."

"मंग बाकीचे आण ना."

"काका, तिथं पाणी दगडाच्या अंगात असते. मोटरीनं निघत नाही," अश्लेषा म्हणाली.

"मंग नऊशेच मार."

आमच्या शिवारात बोअर मारण्याआधी नारळ फोडतात, आणि तो बांधावरच्या शेजाऱ्याच्या हातून घेतात. बद्रुद्दीनभाई घरून नारळ घेऊन आले. "घ्या किसनभाऊ. यात तरी पानी हाय."

किसनरावांनी मला पेटीजवळून उचललं. बोअरच्या जागेवर मांडलं आणि माझ्यावर नारळ आपटला. नारळ फुटला नाही. मी फुटलो.

सूर्यभानने टोपी काढली. अश्लेषाने माझा अर्धा तुकडा उन्हात धरला. हिरवे दाणे चमकले. "काका, याचा माल खालून आला. यानं पाणी सांभाळलं होतं."

"एवढं सारं यानं एकट्यानं?"

"एकट्याजवळ नसते. साऱ्यांजवळ थोडं थोडं."

किसनराव नारळ हातात धरून बांधावर बसले. म्हणाले, "बद्रुभाई, तुमी कावून काही बोलले नाही?"

"तुमची बाग वाळून राहिली. काय बोलू?"

"सूर्यभान, गाडी वापस ने."

"दिवसाआड माझ्या विहिरीवर मोटर लावा," बद्रुद्दीनभाई म्हणाले. "पुरलं तं पुरलं."

नारळ विहिरीच्या काठावर फुटला. पाणी दोघांनी अर्धं अर्धं प्यायलं. त्या उन्हाळ्यात दोन्ही बागांतली काही झाडं गेली. बाकीची तगली.

मग अश्लेषाने आटलेल्या बोअरभोवती खड्डा खणवला. तो दगड-वाळूने भरला. पावसाळ्यात शेतातलं पाणी त्यातून गाळलं जाऊन खाली जावं म्हणून. माझे दोन्ही तुकडे त्यातच आहेत. आठ फूट खोल. पूर्वीच्या मानाने हे काहीच नाही, पण दिशा ओळखीची आहे.

मित्रांनो, आता मला पाणी धरून ठेवता येत नाही, फक्त वाट देता येते. यंदा बद्रुद्दीनभाईंच्या विहिरीच्या दोन पायऱ्या जास्त बुडाल्या. तुमची बोअर आटली तर तिच्यात कचरा टाकू नका. तिला पाणी पाजा. ते कोणाच्या विहिरीत निघेल, हे मात्र विचारू नका.