नाकातली फुंकर

शांतीलाल महाराजांनी पाच आठवड्यांच्या तान्हीच्या गळ्याला तोंड लावलं, जोरात चोखलं आणि तळहातावर थुंकले. लाळेत पारव्याचं ओलं पीस! ओट्यासमोरच्या शंभरेक माणसांनी हात जोडले.

"हे अडकलं होतं, म्हणून बाळ खोकता खोकता निळं पडत होतं. आणि हे रिकाम्या कुशीच्या नजरेनं अडकलंय," महाराज म्हणाले. त्यांची मराठी शुद्ध होती. बाकी काहीच शुद्ध नव्हतं.

सगळ्यांच्या माना चेतनाकडे वळल्या. चेतना बाळाची थोरली काकू. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. बाळाचं टोपरं हातात घेऊन ती तशीच उभी राहिली.

मी उपकेंद्रातली नर्स. लसीकरणाला आले होते आणि मघापासून बघत होते. महाराज दर लेकरामागे एक नवा विडा तोंडात टाकत. देवाच्या कामाला इतकी पानं लागतात, हे मला नवीन होतं. मी ताटातला पुढचा विडा उचलला आणि सर्वांसमोर उलगडला. चुना, कात आणि नीट दुमडलेलं पीस.

"महाराज, या विड्याला कुणाची नजर लागली?"

महाराजांनी मला धर्मबुडवी म्हणत चपला शोधल्या. लोक हसले. तेवढ्यात बाळाला उबळ आली. श्वास घ्यायला जागाच मिळेना, ओठ निळे झाले. आम्ही जीप करून नंदुरबारला पळालो.

डॉक्टर म्हणाले, "डांग्या खोकला. घरात कोणी खोकतंय का?"

"नही," बाळाची आई आशा म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. म्हाताऱ्या माणसाचा खोकला आपल्याकडे कोणी खोकल्यात धरत नाही.

तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण फार उशीर झाला होता.

गावानं महाराजाला शिव्या घातल्या आणि वर म्हटलं, "तो खोटा निघना, पन नजर तर खरी शे ना!" दहाव्या दिवशी चेतनाचा भाऊ धीरज तिला कायमचं माहेरी न्यायला आला. ते कळलं तशी मी त्यांच्या घरी गेले.

आजी, प्रमिलाबाई, आतल्या खोलीत खोकत बसल्या होत्या. महिन्यापूर्वी मीच त्यांना खोकल्याची बाटली दिली होती. घरात तान्हं बाळ आहे का, हे मी विचारलं नव्हतं. ते मला अजून खातं.

"माय, बाळाला न्हाऊ कोण घालायचं?"

"मीच. टाळूले तेल, मंग धुरी, मंग नाकमा फुकर. नाक मोकयं व्हस ना. मन्हा पोरे असाच वाढनात."

सांगू नये, असंच वाटत होतं. पण मी गप्प बसले असते तर चेतना गेली असती. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं. मोठ्या माणसात हा खोकला साधाच वाटतो, नुसता लांबत जातो. तान्ह्याला मात्र तोच मारतो. तुमचा खोकला त्या फुंकरीबरोबर रोज बाळाच्या नाकात गेला.

त्या पदर तोंडाशी धरून उठल्या, आणि सुतकाला आलेल्या बायांसमोर ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. चेतना पिशवी घेऊन निघालीच होती.

"नजर कोनीच नव्हती. खोकला व्हता, तो बी मन्हा. मन्ही नात मन्ह्याच फुकरमुये गई." त्यांनी चेतनाच्या हातातली पिशवी काढून घेतली. "इले बोल लावू नका. लावना व्हई तर माले लावा."

कोणीच लावला नाही. चेतनाच त्यांना धरून आत घेऊन गेली.

तुम्हीही लावू नका. त्या बाईनं माया केली होती, आणि आम्ही कोणी तिला वेळेवर सांगितलं नव्हतं. म्हणून आता सांगते. खोकणाऱ्यानं, मग ती आजी असो, बाप असो की भावंड, तान्ह्याला घेऊ नये. नाकात फुंकर तर कोणीच मारू नये. दीड महिन्याची लस चुकवू नका, आणि गरोदरपणीच घेता येणाऱ्या लशीचं डॉक्टरांना विचारा. बाळ खोकायला लागलं तर लगेच दवाखाना गाठा. आणि घरात नजर कोणाची वाईट, हे शोधत बसण्याआधी घरात खोकतंय कोण, ते बघा.