दोरीचं दुसरं टोक

बू देस्मिता, म्हणजे देस्मिताबाई, आमच्या गावच्या शाळेत आली आणि पहिल्याच आठवड्यात पहिलीच्या वर्गातली बाकं भिंतीला लागली. पोरं जमिनीवर. समोर शिंपल्या काय, चिंचोके काय, नारळाच्या करवंट्या काय! मी दारातूनच विचारलं, "बू, ही शाळा आहे की जत्रा?"

"उनी रोस, खेळता खेळताच शिकतात हो ती," ती हसून म्हणाली. उनी-उनी करत थोरल्या बहिणीचा मान द्यायचा आणि आपलंच खरं करायचं, ही तिची रीत. पाडांगसारख्या शहरातली ना ती!

सगळ्यांत डोक्यात जायचा तो तिचा टेकडीचा खेळ. जुन्या जाळ्याच्या दोरीचे तुकडे करून तिनं त्यांना गाठी मारल्या आणि जोडीजोडीला एकेक वाटला. एक टोक तुझं, एक टोक तिचं. मशिदीमागच्या वाटेनं टेकडीवर पळायचं आणि प्रत्येक वळणावर एक गाठ मोजायची. बू वर पोचली की एक गाणं म्हणणार, ते संपायच्या आत जोडी आली पाहिजे. एकटं आलं तर बाद, उशिरा आलं तरी बाद. बाद झालेल्यांनी फणसाखाली बसायचं आणि सगळ्यांसमोर बदकासारखं नाचून दाखवायचं.

"अमाक, मी आणि येसी अजून एकदाही बाद नाही झालो," माझी नायला रोज घरी येऊन सांगायची.

"खेळ पुरे, आईला बेरीज करून दाखव," मी म्हणायची.

त्या दिवशी येसी तापानं घरी होती. तिचं घर किनाऱ्यावर, माझ्या खाणावळीला लागूनच. आई तालुक्याच्या बाजाराला गेलेली, घरात ती आणि गुडघे धरलेली आजी. मी सकाळी भाताची पेज देऊन आले होते. मग माझी गिऱ्हाइकं सुरू झाली आणि मी विसरले.

दुपार व्हायच्या आत जमीन हलली. आधी फळीवरच्या बशा वाजल्या, मग रश्श्याचं पातेलं चुलीवरून खाली आलं. मला वाटलं थांबेल. थांबेना! आमच्याकडे हलणं असं लांबलं की समुद्र आत शिरतो, मग कुणी भोंग्याची वाट बघत नाही, टेकडी गाठतं. मी जीव घेऊन पळत सुटले. येसीच्या उंबऱ्यापाशी चपलांचे दोन जोड दिसले, एक लहान, एक मोठा. पाय काही थांबले नाहीत. नायला शाळेत होती, शाळा टेकडीखाली होती, मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मशिदीपाशी पोचले तोवर भोंगा वाजायला लागला होता. वाटेवर नुसती झुंबड, कोण वर जातंय, कोण खाली, काही दिसत नव्हतं. वर गेले तर फणसापलीकडच्या मोकळ्यावर पहिलीचा वर्ग जोड्याजोड्यांनी बसलेला, हातात दोऱ्या. बू गाणं म्हणत होती. आवाज फाटलेला, पण म्हणतच होती. एक पोर तिच्या कडेवर, त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. मी प्रत्येक चेहरा पाहिला. पुन्हा पाहिला.

"माझी नायला कुठाय?"

बूचं गाणं थांबलं. "उनी... ती माझ्या हाताला होती. जोडीदार नव्हता म्हणून मीच धरलं होतं तिला. दुसऱ्या वळणावर हा पडला, मी याला उचलायला हात सोडला आणि..."

"आणि काय? बोल ना!"

"ती म्हणाली, येसी राहिली. वळून बघते तो नव्हतीच."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तूच शिकवलंस ना हे! एकटं आलं तर बाद म्हणे! घे आता! नाच बदकासारखी!" मी काय काय बोलले मलाच ठाऊक नाही. "तुम्ही या सगळ्यांना धरा, मी जाते," बू एवढंच म्हणाली आणि कडेवरचं पोर माझ्याकडे द्यायला लागली. ते पोर तिच्या मानेला घट्ट चिकटलं. खाली बसलेली बाकीचीही रडायला लागली. ती जाणार कशी?

मी पळाले. वाटेच्या तोंडाशी माझा भाऊ शाफ्रिल उभा होता. टेकडीची राखण त्याच्याकडे, खाली कुणाला जाऊ द्यायचं नाही.

"सोड मला. भाची आहे ती तुझी!"

"म्हणूनच सोडत नाही, रोस. माझी दोन माणसं खाली बघायला गेलीत. तू गेलीस तर त्यांना दोघी शोधाव्या लागतील."

मी त्याला बोचकारलं, त्याच्या दंडाला चावले. त्यानं सोडलं नाही. त्याचे डोळे भरले होते, ते मला नको होते. मला पोरगी हवी होती.

सगळं गाव समुद्राकडे बघत होतं. कुणी म्हणे पाणी मागे हटलं, कुणी म्हणे नाही, भ्रम आहे. समुद्र त्या दिवशी आलाच नाही, पण ते आम्हाला फार उशिरा कळलं. तेव्हा मला फक्त ती दोन छपरं दिसत होती, माझं आणि येसीचं. देवा, त्या उंबऱ्यावरच्या चपला! मी नुसती हाक जरी मारली असती दारात.

"अमाक!"

वाटेच्या वळणावर आधी दोरी दिसली. दोरीचं एक टोक नायलाच्या मुठीत. दुसरं टोक येसीच्या आजीच्या मनगटाला बांधलेलं. येसी शाफ्रिलच्या एका माणसाच्या पाठीवर, तापानं लाल झालेली.

"मी म्हटलं, माझं राहू दे, पोरीला ने," आजी धापा टाकत सांगत होती. "ऐकते कुठे! मनगटाला गाठच मारली कार्टीनं, न् ओढत आणलं दारापासून. खालच्या वळणावर हा भेटला."

मी नायलाला छातीशी धरलं, मग एक चापट मारली, मग पुन्हा धरलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. बूकडे बघत होती.

"बू, गाणं संपलं का?"

बूनं नुसती मान हलवली, हो की नाही कळलं नाही. नायलानं माझ्या हातातून अंग सोडवलं, आजीच्या मनगटाची गाठ सोडली, येसीला खाली उतरवून घेतलं आणि दोघी जाऊन फणसाखाली बसल्या.

"नायला, आज कुणी बाद नाही गं," बू रडत म्हणाली. "ऊठ बाळा."

"उशीर झालाय ना आम्हाला? मग बाद. येसीला ताप आहे, तिचा नाच मी करते."

शाफ्रिल तिला उठवायला निघाला, मी त्याला मागे ओढलं. मी फणसाखाली गेले आणि नायलाच्या शेजारी जमिनीवर बसले.

"अमाक, तू नाही बाद. तू तर लवकर आलीस," नायला म्हणाली.

"एकटी आले ना गं," मी म्हटलं. "येसीच्या दारावरून आले आणि एकटीच आले. सांग, बदकासारखं कसं नाचायचं?"